लोणारचा गाळ, उसनं वय : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

कोअर, म्हणजे सरोवराच्या तळातून पाइपने काढलेला गाळाचा दंड, आज उभा चिरला. लांबी १४२ सेंमी. पाइप तळाशी जरा चेपलाय, पण आतले थर हललेले नाहीत. एक अर्धा जसाच्या तसा फॉइलमध्ये गुंडाळून शीतखोलीत गेला. त्याला कोणी हात लावायचा नाही. दुसरा अर्धा कामाचा.

वरचे वीसेक सेंमी काळपट हिरवे, लोण्यासारखे मऊ, आणि वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या. त्याखाली राखाडी-तपकिरी, बारीक थरांचा चिकट गाळ. ९६ ते ११८ सेंमी मात्र वेगळंच प्रकरण आहे: गाळात रुतलेले पांढुरके स्फटिक, काही दोन-तीन मिलिमीटरचे, कडा शाबूत असलेले. सर बघताक्षणी म्हणाले, "गेल्युसाइट असणार. एक्सआरडीला दे, पण धुऊ नकोस."

(एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी खनिज ओळखायची चाचणी.) गेल्युसाइट म्हणजे सोडियम-कॅल्शियमचं पाणी धरून ठेवलेलं कार्बोनेट, सरोवर आटून पाणी दाट झालं की बनणारं. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात ते विरघळतं आणि मागे कॅल्साइट उरतं, म्हणजे स्वच्छ करायला गेलं की खनिजच बदलतं. चिमट्याने वेचून सरोवराच्याच गाळलेल्या पाण्यात विसळले आणि थंड हवेच्या झोतात सुकवले.

२२ नोव्हेंबर

प्रश्न नीट लिहून काढायला सरांनी सांगितलंय. लिहिते.

लोणार म्हणजे बसाल्टमध्ये उल्कापाताने झालेला सुमारे १.८ किमी व्यासाचा खड्डा. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. जातं ते वाफ होऊन. म्हणून पाणी खारट, आणि खारटपणापेक्षाही क्षारीय: पीएच दहाच्या आसपास. अशा बंद सरोवराचा तळ पावसाची हजेरीवही ठेवतो. २००८ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी इथून जवळजवळ १० मीटरचा कोअर काढला. त्यात साधारण गेल्या ११ हजार वर्षांचा गाळ आहे. गेल्युसाइटचे स्फटिक आणि इतर खुणांवरून त्यांनी दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दाखवले: १९५० च्या आधी ४.६ ते ३.९ हजार वर्षं, आणि २.० ते ०.६ हजार वर्षं.

दुसरा काळ डोळ्यांपुढे आणून बघितला तर सातवाहनांपासून थेट यादवांच्या अस्तापर्यंत जातो. लोणारच्या काठची देवळं साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली मानली जातात. म्हणजे तळं आटलेलं असताना लोक त्याच्या काठावर कोरीव दगडी देवळं उभी करत होते. यात विसंगती असेलच असं नाही. गोड्या पाण्याची धार आहे, यात्रा आहे, दानधर्म आहे. पण अवर्षणाचा शेवट शंभर-दोनशे वर्षं इकडेतिकडे सरकला तर या चित्राचा अर्थ बदलतो. वरच्या मीटर-दीड मीटरातले स्फटिक नेमके कोणत्या शतकातले, एवढाच आमचा छोटा प्रश्न.

वयाचं उत्तर कार्बन-१४ देणार: हवेतून सजीवांत येणारा आणि ते मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन. आणि खाऱ्या सरोवरात कार्बन-१४ ला पहिला प्रश्न विचारायचा तो "किती वर्षं?" हा नाही, "कोणाची वर्षं?" हा.

२९ नोव्हेंबर

एक-एक सेंमीच्या चकत्या पाडून चाळायला सुरुवात. वरची चाळणी २५० मायक्रॉनची, खालची १२५ ची. प्रयोगशाळेतले मामा दिवसभर पाण्याच्या धारेखाली उभे. कापूस, टिश्यू पेपर आणि लाकडी काड्या टेबलावरून हद्दपार केल्या. त्या सगळ्या आजच्या झाडांच्या आहेत, आणि एक तंतूसुद्धा नमुन्यात नको.

वेचलेलं ओलं ठेवायचं नाही, त्याच दिवशी ओव्हनमध्ये वाळवायचं. फ्रिजमध्ये ओल्या ठेवलेल्या पानाच्या तुकड्यांवर बुरशी धरते, बुरशी आजचा कार्बन घेऊन बसते आणि तुकडा आहे त्यापेक्षा तरुण निघतो.

६ डिसेंबर

सूक्ष्मदर्शकाखाली वेचणी. मान गेली.

काय मिळतंय: रुंद पानांचे काळे पडलेले तुकडे (शिरा दिसतात), लव्हाळ्यांच्या जातीच्या बिया, कोळशाचे कण, साल असलेली एक काडी, पाणकणसाच्या पानाच्या पट्ट्या. पाणकणीस झऱ्याजवळ उगवतं. मुळं पाण्यात असली तरी पानं हवेत असतात आणि हवेतलाच कार्बन घेतात. त्यामुळे ते चालतं.

काय नको: बारीक मुळं. काठावर वेडी बाभूळ माजलीय, तिची मुळं जुन्या गाळात खोल उतरतात. काळं पडलेलं मूळ आणि काळी पडलेली काडी यांत फरक करायला वेळ लागतो. काडीला पेरं, डोळे, पानांचे व्रण असतात. मूळ आडव्या छेदात वेगळं दिसतं. शंका आली की टाकून द्यायचं, असा नियम केला.

९६ ते ११८ च्या पट्ट्यात मात्र जवळजवळ काहीच नाही. जिथे वय सर्वांत जास्त हवं तिथेच पानं नाहीत. कोरडा काळ असेल तर उतारावरून पाला वाहून आणायला ओढेच नसणार, त्यामुळे नवल नाही, पण पंचाईत आहे. १०३ ते १०५ मधून चिमूटभर बिया निघाल्या.

१२ डिसेंबर

आज विभागात एकाने विचारलं की एवढं वेचत बसण्यापेक्षा सरळ चमचाभर गाळच का पाठवत नाही. पूर्वी तसंच करत. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ ची प्रयोगशाळा सुरू झाली, पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेलं. नेवाशासारख्या आपल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींना वर्षं मिळाली ती या काळात. तेव्हा अणूंचं विघटन मोजत, त्यासाठी काही ग्रॅम कार्बन लागे. उत्खननातल्या कोळशाचं भागायचं. सरोवरातल्या पानाच्या तुकड्यांचं कसं भागणार? मग गाळ जाळायचा. आता त्वरकाच्या, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने थेट कार्बन-१४ चे अणू मोजतात, एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो.

राजस्थानातल्या सांभर आणि तिथल्या इतर खाऱ्या सरोवरांवर गुरदीप सिंग यांनी परागकणांचं जे काम केलं, त्यावरून सिंधू संस्कृती आणि पाऊसमान यांचा संबंध जोडला गेला. १९९९ मध्ये लुणकरणसरच्या कोअरवरून एन्झेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते सरोवर सुमारे ४,८०० कार्बन-१४ वर्षांपूर्वीच आटलं होतं, म्हणजे नगरं भरात येण्याच्या आधी. अख्खा वाद काही शतकांच्या पुढे-मागे असण्यावर उभा आहे. आणि काही शतकं ही खाऱ्या सरोवराच्या गाळाने सहज उसनी घेण्याजोगी रक्कम आहे.

२० डिसेंबर

उसनवारीचा हिशेब. पानाचा कार्बन हवेतून येतो, शेवाळाचा पाण्यातून. पाण्यात विरघळलेला कार्बन हवेपेक्षा जुना असेल तर आज सकाळी वाढलेलं शेवाळही जन्मतःच म्हातारं. ते मरून तळाशी गेलं की गाळाला तेवढं जास्तीचं वय चिकटतं.

मृत, म्हणजे कार्बन-१४ पूर्ण संपलेला, कार्बन १ टक्का मिसळला की वय ८० वर्षांनी वाढतं. ५ टक्के मिसळला की सुमारे ४१०. १० टक्क्यांना ८५०. नमुना किती जुना आहे याच्याशी या वाढीचा संबंध नाही. उलट बाजूचं गणित मात्र वयावर अवलंबून: २,००० वर्षांच्या नमुन्यात ५ टक्के आजचा कार्बन शिरला तर तो जेमतेम ११० वर्षांनी तरुण दिसतो. आमचा गाळ तरुण आहे, त्यामुळे खरी भीती जुन्या कार्बनची.

(अतिजुन्या नमुन्यात पारडं पार फिरतं. ज्यात कार्बन-१४ शिल्लकच नाही अशा वस्तूत १ टक्का आजचा कार्बन गेला की ती ३७ हजार वर्षांची दिसते. खुद्द विवराचं वय म्हणून तापदीप्तीने सुमारे ५२ हजार आणि आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार असे आकडे प्रसिद्ध झाले आहेत. तिथे कार्बन-१४ ला विचारूच नये.)

जुना कार्बन येतो कुठून? पाठ्यपुस्तकातला संशयित चुनखडक, तो लोणारला नाही. पण बसाल्टच्या भेगांत आणि पोकळ्यांत कॅल्साइट आहे, आणि या भागातल्या जमिनीत चुनखडीचे खडे किती आहेत ते इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावं. झऱ्याचं पाणी त्यातूनच झिरपत येतं. शिवाय उतारावरच्या मातीतला जुना कुजका भाग, आणि पाणी ओसरल्यावर उघडा पडून पुन्हा धुपलेला काठाचा गाळ.

सरांचा प्रश्न: क्षारीय पाण्यात कार्बनचा साठा प्रचंड, हवेशी त्याची देवघेव संथ, तेवढ्यानेच वय वाढत नाही का? कागदावर करून बघितलं. समजा पाणी ५ मीटर खोल, दर घनमीटरला ५० मोल कार्बन. म्हणजे पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरखाली २५० मोल. हवेशी देवघेव वर्षाला ५ मोल धरली तर साठा बदलायला ५० वर्षं. म्हणजे नुसत्या संथपणाने दशकं वाढतात, शतकं नाहीत. शतकं हवी असतील तर जुना कार्बन बाहेरून यावाच लागतो.

आता हेच दुष्काळात बघा. पाणी आक्रसलं, पृष्ठभाग कमी झाला, हवेची खिडकी लहान झाली. ओढे आटले पण झरे चालू, त्यामुळे येणाऱ्या कार्बनमध्ये झऱ्याचा वाटा वाढला. म्हणजे उसनं वय कोरड्या काळात वाढणार. एकच ठरावीक आकडा सगळ्या कोअरमधून वजा करायचा हा सोपा मार्ग इथे बंद.

३ जानेवारी २०२५

लोणार. वनखात्याची परवानगी हातात, सकाळीच उतरलो. पाणी हिरवं, काठावर फेस. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा कारण निघालं क्षारप्रिय सूक्ष्मजीव.

काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, बुडबुडा ठेवला नाही, आणि जीवाणूंनी आत कार्बनची उलाढाल करू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब घातले (हातमोजे, वेगळा डबा, परत आणायची जबाबदारी माझी). एक बाटली मध्यावरची, एक काठाची, एक झऱ्याची. सोबतचे वनरक्षक बराच वेळ बघत होते. "मॅडम, हे पानी तं ढोरंबी पेत नाईत, तुम्ही बाटल्या भरून राह्यले!"

झऱ्याची बाटली सर्वांत महत्त्वाची. सरोवराच्या बाटल्यांचं उत्तर आजच्यापुरतंच खरं, कारण मध्ये अणुचाचण्या येऊन गेल्या. १९६३ च्या सुमाराला उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. नंतर तो ओसरला, हवा आता पुन्हा जुन्या पातळीवर आली आहे, पण संथ देवघेवीच्या पाण्यात तो भर अजून रेंगाळत असणार. आजच्या पाण्याचं वय शून्य निघालं तरी त्यावरून यादवकाळातलं पाणी शून्य वयाचं होतं असं म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियातलं मोनो लेक हे असंच खारं, क्षारीय, बंद सरोवर. त्याच्या कार्बन-१४ च्या हिशेबात जास्तीचा भर निघाला तो कशानेच जुळेना. ब्रोकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये निबंधाच्या शीर्षकातच त्याला न सुटलेलं कोडं म्हटलं. कोणीतरी गुपचूप किरणोत्सारी कचरा टाकला असावा, इथपर्यंत शंका गेली होती.

९ जानेवारी

अणुचाचण्यांच्या आधीचं लोणारचं पाणी आज कुठे मिळेल? पाणी नाही मिळणार, पण खार मिळेल!

लोणारचा खार शतकानुशतकं काढला जात होता. आइन-ए-अकबरीत इथे काच आणि साबणाला लागणारा माल निघतो अशी नोंद आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत खाराच्या प्रती दिल्या आहेत: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. त्या काळी नमुने गोळा करून पेट्यांत ठेवायची हौस मोठी. एखाद्या संग्रहालयाच्या खनिजांच्या कपाटात चिठ्ठी लावलेला लोणारचा खडा असेल, तर त्यातल्या कार्बोनेटमध्ये त्या वर्षीच्या पाण्याचा कार्बन बंद आहे. गोळा केल्याचं वर्ष माहीत असेल तर खड्याचं कार्बन-१४ वय वजा त्या वर्षीच्या हवेचं वय, बरोबर त्या वेळचं उसनं वय. समुद्रासाठी जुन्या शंखशिंपल्यांवर हेच करतात.

सरांनी लगेच खोट काढली: सोडियम कार्बोनेट दमट हवेतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं. शंभर वर्षं कपाटात पडलेल्या खड्याचा पृष्ठभाग आजच्या हवेचा झालेला असणार. भुस्कीसारखी भुकटी त्यामुळे बाद. मोठा, घट्ट खडा असेल तर गाभा आणि कवच वेगवेगळं मोजता येईल. दोन्ही सारखे निघाले तरच विश्वास. तीन संग्रहालयांना पत्रं टाकली.

१७ जानेवारी

नमुने पाठवायच्या आधी खोटे आकडे घालून वय-खोलीचा आलेख चालवून बघितला. बेकन हा मोफत प्रोग्रॅम वापरला. एकदा खरं मानलेलं वय दिलं, एकदा प्रत्येक वयात ४०० वर्षं मिसळून दिली. दुसरा आलेखही तितकाच गुळगुळीत, अनिश्चिततेचा पट्टा तितकाच अरुंद. सगळे एकाच दिशेने, एकाच मापाने चुकत असतील तर संख्याशास्त्राला सुगावा लागत नाही. निबंधांत असे देखणे आलेख दिसले की यापुढे आधी तक्त्यात बघणार, काय जाळलं होतं ते.

दुसरी अडचण वरच्या टोकाला. १६५० ते १९५० या काळात हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वरखाली झालं आहे की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळी शतकं जुळतात. वरच्या ३० सेंमीत कार्बन-१४ वर पैसे घालवायचे नाहीत. तिथे शिसं-२१० आणि सीझियम-१३७ हे किरणोत्सारी अणू. शिशाचं अर्धायुष्य २२ वर्षांचं, सव्वाशे-दीडशे वर्षं मागे नेतं. सीझियम अणुचाचण्यांतून आलेलं, ते १९६३ ची खूण देतं.

२४ जानेवारी

पैशात दहा मोजमापं बसतात. दुपारभर वाटाघाटी.

३१ आणि ५८ सेंमीला पान, एकेक. ८७ ला पान आणि त्याच चकतीतला गाळ, अशी जोडी. १२१ ला पुन्हा पान-गाळ जोडी. १०४ च्या बिया. १०४ चाच एक गेल्युसाइट स्फटिक. १३८ ला सालीची काडी. या झाल्या नऊ. सरांना स्फटिकावर खर्च पटत नव्हता, कारण तो सरोवराच्या पाण्याचं उसनं वय घेऊन बसलेला, शिवाय गाळ साचल्यानंतर आतच वाढलेला असू शकतो. माझं म्हणणं, म्हणूनच हवा. बिया शेजारीच आहेत. दोघांतला फरक म्हणजे नेमका कोरड्या काळातला उसनवारीचा आकडा, आणि तो उणे निघाला, म्हणजे स्फटिक बियांहून तरुण ठरला, तर तो मागून वाढला हे सिद्ध. मान्य झालं.

कोळसा एकही नाही. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा झाड जळायच्या कितीतरी आधीचं वय सांगतो, आणि कण इतके बारीक की झाड ओळखताही येत नाही.

दहावी जागा संग्रहालयाच्या खारासाठी राखून ठेवली.

५ फेब्रुवारी

पानांवर आम्ल-अल्क-आम्ल प्रक्रिया, बाहेरून चिकटलेला कार्बन काढायला. पहिल्या आम्लाला तुकडे जोरात फसफसले, कार्बोनेट भरपूर. अल्काच्या पायरीला द्रावण चहाच्या रंगाचं होतं ते साधारण प्रत्येक वेळी, पण इथे रंग फारच कमी. ह्युमिक आम्लं, म्हणजे कुजलेल्या पाल्याची तपकिरी आम्लं, अल्कात विरघळतात, आणि हा गाळ जन्मभर अल्कातच बुडालेला होता; बरंच काही तिथेच सुटून गेलं असावं. मग सुटलेलं गेलं कुठे? गाळातल्या पाण्यातून वर-खाली, दुसऱ्या थरांत. त्यामुळे गाळाच्या दोन्ही नमुन्यांतून अल्कात विरघळणारा भाग काढून टाकलेलाच पाठवायचा.

कार्बन-नायट्रोजन गुणोत्तरही आलं. ८७ चा गाळ दहाच्या खाली, म्हणजे बहुतांश शेवाळी. १२१ चा त्याहून बराच वर, उतारावरचा पालापाचोळा आणि माती जास्त. दोन जोड्यांतली तफावत त्यामुळे दोन वेगळ्या कारणांची असू शकते. निकाल वाचताना हे समोर हवं, म्हणून इथे लिहून ठेवते.

८७ चं पान वाळून ६ मिलिग्रॅम होतं, प्रक्रियेनंतर अडीच उरलं. पुरेल. बिया काठावर आहेत.

१४ फेब्रुवारी

नऊ नमुने गेले. काचेच्या कुप्या, झाकणाखाली भाजून घेतलेलं फॉइल. तक्त्यात प्रत्येकापुढे "काय आहे" हा रकाना खोलीच्या आधी टाकलाय.

एका संग्रहालयाचं उत्तर आलं. लोणारचा खार आहे, मुठीएवढा घट्ट खडा, चिठ्ठीवर गावाचं नाव आहे, वर्ष नाही. आवक नोंदवही तळघरात आहे, शोधून कळवतो म्हणाले. मार्चअखेर वर्ष मिळालं तर दहावी जागा खड्याच्या गाभ्याला, नाहीतर १०४ च्या गाळाला. त्याची चकती वाळवून तयार ठेवली आहे.